काळ्या-पिवळीचे इंजिन आणि पुशरॉडचे माप

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. साकीनाका तिथून जवळच. 1964 मध्ये या कारखान्यात आलेली फियाट 1100 डिलाइट 1974 पासून पद्मिनी म्हणून विकली जाऊ लागली आणि तिचे 1089 सीसीचे पुशरॉड इंजिन शतक संपेपर्यंत फारसे बदलले नाही. परवान्यांच्या त्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे इंजिन थकले की ते खोलायचे, बोअर करायचे, हेड फेसिंगला द्यायचे आणि पुन्हा रस्त्यावर आणायचे, हीच रीत पडली. साकीनाक्याच्या खैरानी रोडसारख्या भागांतले गाळे आणि लेथ अशाच कामांवर चालत. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावणाऱ्या पद्मिनीच्या इंजिनाच्या वाट्याला ही कामे अनेकदा आली. म्हणूनच आज कोणी हौसेने पद्मिनी पुन्हा उभी करत असेल, तर पुशरॉडचे माप पार्टच्या डब्यावरून ठरवणे मला पटत नाही. ते त्या इंजिनावर आजवर झालेल्या कामांवरून ठरवायला हवे.

कारण साधे आहे. पुशरॉड म्हणजे कॅमवरच्या टॅपेटची हालचाल रॉकरपर्यंत नेणारी सळई. फेसिंगमध्ये हेड अर्धा मिलिमीटर घासले, की रॉकर शाफ्ट कॅमच्या तेवढाच जवळ येतो आणि जुना पुशरॉड लांब पडतो. व्हॉल्व्हची सीट कापल्यावर व्हॉल्व्ह आत बसतो आणि त्याची दांडी वर येते. रॉकर तिरका होतो, त्याची पुशरॉडकडची बाजू खाली झुकते आणि पुशरॉड आणखीच लांब ठरतो. याउलट कॅम ग्राइंड केला की टॅपेट खाली बसतो आणि पुशरॉड आखूड पडतो. व्हॉल्व्हच्या दांडीच्या टोकाला शाई लावून इंजिन हाताने फिरवले, की रॉकर कुठे घासतो ते दिसते. घासल्याचा पट्टा मधोमध आणि अरुंद हवा. तो कडेला गेला असेल, तर आधी रॉकरच्या पेडेस्टलखाली शिम घालून शाफ्टची उंची जुळवायची आणि मगच पुशरॉड मोजायचा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण अर्ध्या मिलिमीटरच्या शिममुळे अर्ध्या मिलिमीटरच्या फेसिंगची भरपाई होऊन मूळ पुशरॉडच पुन्हा योग्य ठरू शकतो.

यावर कोणी म्हणेल, रॉकरवर टॅपेट सेट करायचा स्क्रू असतोच, मग एवढा खटाटोप कशाला? स्क्रू फीलर गेजपुरती फट जुळवतो, हे खरे. पण रॉकर दांडीवर कुठे टेकतो, ते त्याच्या हातात नसते. शिवाय पुशरॉड फारच लांब किंवा आखूड असेल, तर स्क्रू एका टोकाला पोचतो आणि लॉकनटला पुरेसा आटा उरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढी मोजमापे न करताही काळ्या-पिवळ्या टॅक्सी लाखो किलोमीटर धावल्याच ना? धावल्या, कारण हे इंजिन कमी फेऱ्यांवर चालणारे आणि सोशिक होते. पण रॉकर कडेला टेकून दांडीवर बाजूने दाब येत राहिला की व्हॉल्व्ह गाइड झिजतो आणि तेल जळू लागते. गाइड बदलून गाडी लवकर पुन्हा भाड्याला लागत असेल, तर मूळ कारण शोधायला टॅक्सीवाल्याकडे वेळ नव्हता. त्याचा हिशेब त्याच्यापुरता बरोबरच होता. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची वयोमर्यादा संपली आणि तो हिशेबही संपला. आता ही इंजिने ज्यांच्याकडे येतात, त्यांना भाड्याची घाई नाही. मागच्या मिस्त्रीने हेड किती घासले, हे कुठे लिहून ठेवलेले नसते. त्यामुळे हेडची उरलेली जाडी मोजणे, हेच बांधणीतले पहिले काम ठरते.