डोमगावचे कल्याणस्वामी

परांड्यात मी इतिहास शिकवला. आमच्या तालुक्याचं नाव निघायचं ते किल्ल्यापुरतं. मलिक-ए-मैदान तोफ इथूनच विजापूरला गेली, हे मुलांना तोंडपाठ. याच तालुक्यात सीनेच्या काठी, डोमगावला, समर्थ रामदासांचा दासबोध लिहून काढणाऱ्या माणसाची समाधी आहे, हे मात्र मला मुद्दाम सांगावं लागे.

कल्याणस्वामी म्हणजे पूर्वाश्रमीचे अंबाजी कृष्णाजी कुलकर्णी. आई रखमाबाई आणि भाऊ दत्तात्रेय यांच्यासह ते कोल्हापूरला मामा पाराजीपंत बर्वे यांच्या घरी राहत. समर्थांचं कीर्तन ऐकून पाराजीपंतांनी घरच्यांसह अनुग्रह घेतला आणि अंबाजीचं सुरेख अक्षर पाहून समर्थांनी त्याला मागून घेतलं, असं सांप्रदायिक चरित्रं सांगतात. रखमाबाईंनी मुलगा दिला, आणि पुढे समर्थांच्या परिवारात स्वतःही आल्या. शिरगावचा मठ दत्तात्रेयांकडे आला. संन्यस्त माणसाने घर तोडलं, असं आपण सहज म्हणतो. इथे तर अख्खं घरच संप्रदायात आलं.

मुलांना मी हिशेब घालायचो. दासबोधात 20 दशक, 200 समास, 7,751 ओव्या. एका ओवीचे चार चरण धरले, तर एकतीस हजारांवर चरण. समर्थ सांगत आणि कल्याण उतरून घेत. बोरू तासायचा, टोकाला चीर द्यायची, काजळाची शाई घोटायची. ओळ सरळ यावी म्हणून कागद आधी आखायचा. चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावून ते झाकायचं आणि सुकल्यावर वर नवं अक्षर काढायचं. नक्कल करणाऱ्याचं लक्ष एका शब्दावरून उडालं, तर पुढे त्या पोथीवरून उतरणाऱ्या प्रत्येक पोथीत तीच चूक जाते. म्हणून लेखनिकाची विश्वासार्हता हीच ग्रंथाची विश्वासार्हता.

ग्रंथ टिकवायची दुसरी वाट छपाईची. त्याच काळात ॲमस्टरडॅममध्ये मेनासेह बेन इस्राएल नावाचे ज्यू धर्मगुरू होते. समर्थांहून जेमतेम चार वर्षांनी मोठे. मेनासेह यांनी 1626च्या सुमारास त्या शहरातला पहिला हिब्रू छापखाना उभारला. बायको, मुलं, संसार सांभाळून ते लिहीत राहिले. मुलगा सॅम्युएल 1657 मध्ये लंडनला वारला. त्याचं शव मायदेशी आणताना बापाची प्रकृती ढासळली, आणि त्याच वर्षी तेही गेले. त्यांच्यामागे छापील पुस्तकं राहिली. समर्थांच्या संप्रदायाकडे तेव्हा छापखाना नव्हता, म्हणून मठ हेच प्रती काढण्याचं ठिकाण, आणि शिष्य हेच वारस.

समर्थांनी कल्याणांना परांडा भागात पाठवलं आणि डोमगावला मठ उभा राहिला. समर्थांचं निर्वाण 1682 साली झालं. कल्याणस्वामींनी पुढे तीस वर्षांहून अधिक काळ हा मठ सांभाळला. ‘सोलीव सुख’ ही त्यांची स्वतःची रचना. शके 1636, म्हणजे 1714 च्या आषाढ शुद्ध त्रयोदशीला त्यांनी देह ठेवला. समर्थांच्या अस्थी तोवर काशीला गेल्या नव्हत्या. गुरु-शिष्यांच्या अस्थी एकत्रच नेल्या, अशी परंपरा आहे.

डोमगावची पोथी त्यांच्या हातची मानली जाते. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी 1905 साली तिच्या आधारे दासबोध छापून प्रसिद्ध केला. म्हणजे आज घरोघरी पारायणाला बसणाऱ्यांच्या हातात जो पाठ आहे, त्याच्या मुळाशी आमच्या तालुक्यातलं एक दप्तर आहे.

ग्रंथ कर्त्याच्या नावाने ओळखला जातो, ते योग्यच. पण तो टिकतो तो उतरवणाऱ्याच्या, बांधून ठेवणाऱ्याच्या आणि दरवर्षी ऊन दाखवून कसर झटकणाऱ्याच्या कष्टांवर. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या मुलांना तोफेचं नाव जसं ठाऊक आहे, तसंच कल्याणांचंही ठाऊक असलं पाहिजे.