हसणारे आणि हास्यविषय : लग्नप्रहसनातील गावकरी

लग्नाच्या प्रहसनात समाज आपली प्रतिष्ठा मोजत असतो. १५२३ साली जिल व्हिसेंते या पोर्तुगीज नाटककाराने ‘इनेस पेरेराचे प्रहसन’ तोमार येथे तिसऱ्या जुआंव राजासमोर सादर केले. पोकळ सरदारी मिरवणाऱ्या वराला भुलून इनेस भोळ्या शेतकऱ्याला नाकारते. पुढे ढोंग उघडे पडते. परंतु खुर्चीवर धड बसता न येणाऱ्या शेतकऱ्यालाही दरबार हसून घेतोच.

लक्ष्मण देशपांडे यांचा ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ (१९७९) हा एकपात्री प्रयोग या प्रकाराचे मराठवाडी रूप म्हणता येईल. विमानात गोंधळलेला गावकरी येथेही हास्यविषय आहे. मात्र बावन्न पात्रे एकाच नटाच्या देहातून प्रकटतात. गावंढळ आणि साहेब यांच्यातील अंतर म्हणजे केवळ आवाजाचा व चालीचा फरक, हे प्रेक्षकाला डोळ्यांदेखत दिसते. त्यामुळे हसू माणसावरून त्याच्या सोंगाकडे वळते.

१९४८ पर्यंत परभणीसह हा प्रदेश निजामी राज्यात होता. कारभाराची भाषा उर्दू होती. अशा प्रदेशाच्या बोलीला या प्रयोगाने महाराष्ट्रभर श्रोता मिळवून दिला. पण तो हशाच्या वाटेने मिळाला, हेही नोंदवले पाहिजे. परभणीच्या बी. रघुनाथांनी (१९१३-१९५३) ‘आडगावचे चौधरी’मध्ये गावच्या प्रतिष्ठेकडे गंभीरपणे पाहिले होते, तो श्रोतृवर्ग त्यांना लाभला नाही. बोलीला टाळ्या देणारे केंद्र तिला विचाराची भाषा मानते काय, हा प्रश्न समीक्षेने टाळू नये.