बत्तीस बोअरची निवड कोणी केली?

वर्धा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात नाचणगावची ओळख एका सराईने होते. सराई कसली, किल्लाच तो. भिंती दगडी आणि भक्कम. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेंढारी चालून आले तेव्हा गावकऱ्यांनी याच भिंतींआडून त्यांना तोंड दिले. त्याच नाचणगावला खेटून आज पुलगाव आहे, आणि पुलगावला सैन्याचे केंद्रीय दारूगोळा भांडार. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभे राहिलेले हे भांडार पंचक्रोशीच्या तोंडी नुसते ‘डेपो’ आहे. गावाने स्वतःचे रक्षण स्वतः केल्याची आठवण एकीकडे आणि देशातल्या मोठ्या दारूगोळा कोठारांपैकी एक दुसरीकडे, अशा या जागी एक प्रश्न मुद्दाम विचारावासा वाटतो. या देशात साध्या नागरिकाला रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला, तर त्यात बहुधा ‘बत्तीस लाँग’ हे .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचे माप), १८९६ सालचे काडतूस जाते. जगभरच्या पोलिसांनी आणि सैन्यांनी कधीच मागे टाकलेले हे काडतूस आपल्याकडेच इतके घट्ट का रुजले? माझे उत्तर असे की परवानाधारकाने त्याची निवड कधी केलीच नाही. सैन्याचे काडतूस नागरिकाच्या हत्यारात बसता कामा नये, या जुन्या नियमाने बाकीची नावे एकेक करून खोडली आणि शेवटी हे उरले.

आधी ते काडतूस नीट पाहू. पितळी पुंगळी जेमतेम २३ मिलिमीटर लांब, बुडाशी किंचित बाहेर आलेली कड, तोंडाशी सुमारे ८ मिलिमीटर जाडीची, सहा ग्रॅमच्या आसपास वजनाची गोळी. चक्राच्या भोकात ते सरकवले की ही कड भोकाच्या काठावर टेकते आणि काडतूस पुढे घसरत नाही. रिव्हॉल्व्हरची सगळी सोय या कडेत आहे. त्याचे मूळ १८७८ सालचे, काळ्या दारूचे, आखूड पुंगळीचे. अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन कंपनीने ती पुंगळी वाढवून १८९६ मध्ये ‘लाँग’ काढले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट तेव्हा न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळावर होते. त्यांनी आपल्या शिपायांना बत्तीसचेच रिव्हॉल्व्हर दिले. पण थोड्याच दशकांत अमेरिकन पोलीस अडतीसकडे वळले, कारण बत्तीसचा मारा हलका पडतो. आजच्या ९ मिलिमीटर काडतुसाच्या मानाने त्याची ताकद साधारण एक तृतीयांश आहे. आपल्याकडे मात्र तेच काडतूस पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होत आले. हा कारखाना १८६९ सालचा, म्हणजे या काडतुसाहूनही वयाने मोठा.

नियमाचा माग काढायचा तर इंग्रजी अमदानीत जावे लागते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हातातले हत्यार परवान्याखाली आणले आणि युरोपियनांना मोकळे सोडले. पण माणसावर बंधन घालून सरकारचे समाधान झाले नाही. त्याने काडतुसावरही बंधन घातले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० बोअरच्या शिकारी रायफली हिंदुस्थानात आणायला बंदी झाली, कारण सैन्याच्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी त्याच मापाची होती आणि ती बंडखोरांच्या हाती लागण्याची धास्ती होती. विलायतेतल्या बंदूक कारागिरांनी काय केले? त्यांनी .४७० आणि .४६५ अशी नवी मापे काढली. वाघ-गव्याच्या शिकारीला जुने माप अपुरे पडत होते म्हणून काही ही मापे जन्मली नाहीत. ती एका सरकारी हुकुमातून जन्मली. त्याहून बोलका पुरावा .४१० मस्केटचा. पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी .३०३ रायफलीची नळी मुद्दाम मोठी करून ही मस्केट बनवली. हेतू एवढाच की ती कोणी पळवली, तरी सैन्याचे .३०३ काडतूस तिच्यात चालू नये.

स्वातंत्र्यानंतर कायदा बदलला, पण हा विचार तसाच पुढे आला. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याखालच्या नियमांत निषिद्ध हत्यारांची जी यादी आहे, ती वाचताना माझा तर्क मला पक्का वाटू लागला. तिथे ‘ताकदवान पिस्तुले’ असा शब्द नाही. .३८० आणि .४५५ ची कडेची काडतुसे किंवा सैन्याचे ९ मिलिमीटर काडतूस ज्यात बसते आणि उडते, ते पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर निषिद्ध, अशी तिची रचना आहे. .४५५ आणि .३८० ही ब्रिटिश सैन्याच्या रिव्हॉल्व्हरची काडतुसे. म्हणजे मोजमाप जखमेचे नाही, भोकाचे आहे. पुढे १९८० च्या दशकात परदेशी हत्यारांची आयातही साध्या नागरिकाला बंद झाली आणि सरकारी कारखाना देईल तेच घ्यायचे, एवढेच हाती राहिले. तो कारखाना कानपूरचा. तिथल्या बत्तीसच्या रिव्हॉल्व्हरचा साचा वेब्ली मार्क चारचा, म्हणजे मुळात अडतीसच्या, त्याच निषिद्ध .३८० च्या हत्याराचा. खटका दाबून नळी खाली झुकवली की चक्र उघडे पडते आणि मधली चांदणी सहाही पुंगळ्या एकदम वर उचलते. सांगाडा जुन्या अडतीसचा, भोके मात्र बत्तीसची.

यावर जाणकार म्हणतील, बत्तीस लाँगला कमी लेखू नका. त्याचा धक्का सौम्य आणि नेम अचूक. ते खरेच आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजीत २५ मीटरच्या सेंटरफायर पिस्तुलासाठी हे काडतूस वर्षानुवर्षे मानाने वापरले गेले. पण स्पर्धेतला खेळाडू अनेक मापांतून ते निवडतो आणि आपला परवानाधारक निवडत नाही, हा फरक गुणांच्या यादीने मिटत नाही. दुसरा आक्षेप असा की नियमात बसणारे बत्तीसचे आपोआप भरणारे पिस्तूलही मिळते. मिळते, आणि तरीही अनेक जण रिव्हॉल्व्हरकडे वळतात, यात त्यांचा विचार दिसतो. परवान्यावर काडतुसांचा आकडा लिहिलेला असतो, त्यामुळे सराव कमी होतो आणि काडतुसे कपाटात जुनी होतात. एखादे फुसके निघाले तर रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की पुढचे समोर येते. पिस्तुलात ते हाताने काढावे लागते. मात्र ही निवड हत्याराच्या घडणीची झाली. मापाची निवड त्याआधीच होऊन गेलेली असते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. गुन्हेगार गावठी कट्टा वापरतो, त्याला निषिद्ध बोअर काय आणि परवाना काय. मग या नियमाचा काच फक्त सरळ माणसाला. मला हे दुःख पटते, पण इथे नियमाचा हेतू चुकीचा धरला जातो. गुन्हा रोखण्यासाठी तो कधी केलाच नव्हता. कोठारातून गळालेले काडतूस बाहेर निरुपयोगी ठरावे, यासाठी केला होता. डेपोच्या शेजारी राहणाऱ्या गावाला हे कोणी समजावून सांगायची गरज नाही. सैन्याचे ९ मिलिमीटर काडतूस घरातल्या बत्तीसच्या चक्रात शिरतच नाही, यात त्या घराचीही सुरक्षा आहे. नियमाचा एवढा भाग मी योग्यच मानतो. खटकते ते दुसरेच: परक्या सरकारच्या अविश्वासातून आलेली ही यादी आपण सहा दशके फारशी न तपासता चालवली. याच वर्धा जिल्ह्यात पुढे सेवाग्राम वसवणाऱ्या गांधीजींनी १९३० च्या आपल्या अकरा मागण्यांत, लोकनियंत्रणाखाली स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत, ही मागणी घातली होती. अहिंसेच्या उपासकाने ती मागितली, कारण त्या बंदीत अख्ख्या समाजावरचा अविश्वास होता. लोकनियंत्रण म्हणजे नियम का आहे हे लोकांना माहीत असणे, असे मी समजतो. आणि परवाना घेणाऱ्याला बत्तीसच का, हे आजही कोणी सांगत नाही.

२०१४ मध्ये कानपूरने महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर काढले, किंमत सव्वा लाखाच्या घरात. धातू नवा, वजन नवे, काडतूस तेच. खासगी उत्पादनाची दारे उघडल्यावर २०२० च्या सुमारास खुद्द वेब्ली अँड स्कॉट ही कंपनी भारतीय भागीदारासह उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे आली. ब्रिटिश सैन्याला .४५५ ची रिव्हॉल्व्हरे पुरवणारी हीच ती वेब्ली. इथे तिने पहिले हत्यार म्हणून बत्तीसचेच रिव्हॉल्व्हर हाती घेतले.