तळटीप : तिन्यानेल्लो

* तिन्यानेल्लो : इटलीच्या तोस्काना प्रांतातली, अँतिनोरी घराण्याची तांबडी वाइन, सांजोवेझे द्राक्षांना काबेर्ने सोव्हिन्यों आणि थोड्या काबेर्ने फ्रांची जोड. १९७१च्या हंगामापासून हे नाव. किआंतीचे तेव्हाचे नियम न जुमानल्याने बाटलीवर त्या काळी साध्या ‘टेबल वाइन’चा शिक्का असे, किंमत मात्र भलतीच! लेखकाने सांगितलेली ‘विटकरी कड’ पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरला की दिसते. वयपरत्वे लाल रंग कडेने तपकिरीकडे झुकतो. तुरटपणा निवळतो, चेरीचा ताजा वास मागे सरून चामडे, तंबाखू, सुकी पाने पुढे येतात. तळाशी साका बसतो, म्हणून बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवतात आणि न हिंदकळता ओततात. फार जुनी असेल तर तासन्‌तास उघडी ठेवू नये, वास उडून जातो. (संपा.)