दिनविशेष, १४ सप्टेंबर : कॉन्स्टन्स बेकर मोटली
अमेरिकेच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला फेडरल न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मोटली यांचा १९२१ मध्ये आजच्या दिवशी न्यू हेवन येथे जन्म झाला. आईवडील कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून आलेले. कॉलेजचा खर्च घरच्यांना झेपणारा नव्हता. कॉन्स्टन्स यांचे भाषण ऐकून एका स्थानिक उद्योजकाने तो उचलला. १९४६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून त्या कायद्याच्या पदवीधर झाल्या.

नागरी हक्कांसाठी लढणारे वकील थरगुड मार्शल यांच्या हाताखाली तयार झालेल्या या वकीलबाईंनी शाळांमधील वर्णभेदाविरुद्धच्या गाजलेल्या ‘ब्राउन’ खटल्याचा मूळ दावा लिहिला. १९६२ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी जेम्स मेरेडिथ यांना मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळाला, तोही मोटली यांच्याच न्यायालयीन लढ्यामुळे. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी दहा खटले लढवले आणि नऊ जिंकले. हरलेला दहावा ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना वगळण्याबाबतचा होता. १९८६ मध्ये न्यायालयाने तोही निकाल फिरवला, म्हणजे हिशेब उशिरा का होईना, चुकता झाला.

राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६६ मध्ये त्यांना न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयावर नेमले. पुढे एका बड्या वकिली संस्थेवरील लिंगभेदाच्या खटल्यात, त्या कृष्णवर्णीय आणि स्त्री असल्याने त्यांनी बाजूला व्हावे, अशी मागणी झाली. त्यांनी ती साफ फेटाळली. वर्ण आणि लिंग प्रत्येकच न्यायाधीशाला असते, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. १९७८ मध्ये त्यांच्याच निकालाने महिला क्रीडा पत्रकारांना बेसबॉलच्या यँकी स्टेडियममधील खेळाडूंच्या लॉकर रूमचे दार उघडले. १९८२ मध्ये त्या याच न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या. २८ सप्टेंबर २००५ रोजी त्यांचे निधन झाले.