राहुटीतला विस्तव

क्रिमियाच्या युद्धात, १८५४-५५च्या हिवाळ्यात, सेव्हास्तोपोलला वेढा घालून बसलेल्या ब्रिटिश फौजेकडे राहुट्या होत्या, पण त्या उबदार ठेवण्याची सोय जवळजवळ नव्हती. तेव्हा काहींनी भांड्यात पेटता कोळसा घेतला, वारा शिरू नये म्हणून राहुटीचं दार आतून घट्ट बांधलं आणि ते झोपी गेले. त्यांतले काही सकाळी उठलेच नाहीत. थंडीनं मेलेल्यांच्या मानानं ही संख्या फार नव्हती. तरी थंड मुलखात तंबूसाठी शेगडी निवडायची तर पहिला प्रश्न कोणता, ते या मृत्यूंनी सांगून ठेवलं आहे. शेगडी ऊब किती देते हे आपण आधी विचारतो. मागच्या पावणेदोनशे वर्षांत मात्र शेगडी टिकली की टाकून दिली गेली, हे तिचा धूर कुठून बाहेर जातो आणि तिचं जळण त्या जागी पोचतं का, या दोनच गोष्टींवर ठरलेलं दिसतं. ऊब काय, कुठलाही विस्तव देतो. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी पिढ्यान्‌पिढ्या ठेवत आले आणि सहसा काही बिघडलं नाही, याचं मोठं श्रेय शेगडीपेक्षा वरच्या कौलांच्या फटींना जातं. दाट विणीच्या, दवानं भिजून आणखी घट्ट झालेल्या कॅनव्हासला तशा फटी नसतात.

फट मुद्दाम ठेवायची कल्पना अमेरिकी सैन्यात आली ती मूळ रहिवाशांकडून. हेन्री हॉपकिन्स सिब्ली हा अधिकारी टेक्सासमध्ये असताना त्यानं मैदानी जमातींचे शंकूच्या आकाराचे चामडी तंबू पाहिले आणि १८५६ साली त्याच घाटाच्या कॅनव्हासच्या राहुटीचं पेटंट घेतलं. मधला एकमेव खांब लोखंडी तिवईवर उभा, त्यामुळे तिवईखाली, अगदी मध्यभागी, विस्तव पेटवता येई. शेंड्याला धुरासाठी भोक आणि ते झाकायला दोरीनं सरकवता येणारी कापडी टोपी. कागदावर हे उत्तम होतं. पण मूळच्या तंबूंना धुराच्या भोकाशी दोन पाळ्या असत आणि घरातली बाई वाऱ्याचा रोख पाहून त्या काठ्यांनी हलवत असे. ते कसब पेटंटबरोबर येत नाही. त्यामुळे सिब्लीच्या राहुटीत उघड्या विस्तवाच्या जागी लवकरच पत्र्याची शेगडी आली: तळ नसलेला शंकू, खाली सरळ जमीन, वर नळकांडं, आणि ते शेंड्यातून बाहेर. राहुटी यादवी युद्धाच्या मध्यातच मागे पडली, कारण ती वाहून न्यायला फार जड होती. शेगडी मात्र विसाव्या शतकातही वापरात राहिली. सिब्ली स्वतः यादवीत दक्षिणेकडे गेला आणि पेटंटच्या पैशाला मुकला, ते वेगळंच.

त्याच यादवीच्या पहिल्या हिवाळ्यात, १८६१ साली, वॉशिंग्टनजवळच्या छावण्यांत आणखी एक युक्ती झाली. तंबूच्या एका बाजूला बाहेर खड्डा खणून त्यात आग, तिथून जमिनीखालून दगडांनी झाकलेला चर तंबूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि पलीकडे धुराडं. धूर आत येतच नाही, तापलेली जमीन ऊब देते. तिला नाव पडलं क्रिमियाची भट्टी. तिथल्याच, व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या परिसरात उत्खननात अशा चरांचे अवशेष सापडले आहेत. इस्पितळाच्या तंबूला, म्हणजे महिनोन्‌महिने एका जागी राहणाऱ्या तंबूला, ही रचना योग्य होती. रोज मुक्काम हलवणाऱ्या पलटणीला नव्हती. गोठलेल्या खडकाळ डोंगरात तर चर खणणार कोण?

इथे एक आक्षेप रास्त आहे. लडाखच्या चांगथांग पठारावर चांगपा पशुपालक १४,००० फुटांहून उंच राहतात, त्यांच्या तंबूत, म्हणजे रेबोत, मधोमध चूल असते, आणि पत्र्याचं नळकांडं बाजारात येण्याआधी शतकानुशतकं ते तसेच राहिले. मग नळकांड्याचं एवढं कौतुक कशाला? याचं उत्तर रेबोच्या कापडात आहे. ते याकच्या केसांचं, सैल विणीचं असतं. हिमाचा भुगा थोपवतं, पण हवा थोडी जाऊ देतं. शिवाय माथ्यावर लांबट फट असते. म्हणजे रेबो हा राहायचा तंबूही आहे आणि चुलीचं धुराडंही. जळण म्हणून सुकं शेण, कारण त्या उंचीवर झाडच नाही. शेण, चूल, कापड आणि फट हे सगळं एकमेकांना धरून आहे. त्यातली नुसती चूल उचलून कॅनव्हासच्या तंबूत ठेवली तर क्रिमियाची पुनरावृत्ती होईल. आणि रेबोतही सुटका फुकट नाही. धूर डोळ्यांत आणि छातीत जातो, पाठीमागे थंडी राहतेच. चांगपा ऊब मिळवतात ती मुख्यतः लोकरीच्या जाड कपड्यांतून आणि चहातून.

उंचीचा प्रश्न भारतीय सैन्याच्या वाट्याला पूर्ण ताकदीनं आला तो १३ एप्रिल १९८४ पासून, सियाचीन हिमनदी ताब्यात घेण्याच्या ऑपरेशन मेघदूतनंतर. सियाचीनवरच्या काही चौक्या २०,००० फुटांवर आहेत आणि तिथे पारा उणे ५० अंशांपर्यंत उतरतो. लाकूड नाही, शेण नाही. उरतं रॉकेल, आणि तेही पुढच्या चौक्यांना बरंचसं हेलिकॉप्टरनं. बुखारी हे काश्मीर-लडाखच्या घरांतलं पत्र्याचं नळकांडंवालं उपकरण, पण तंबूत आणि फायबरच्या झोपडीत तिला रॉकेलवर चालावं लागलं. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. तेवढ्याच ज्वाळेला दुप्पट हवा लागते. ती मिळाली नाही की काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो, आणि जवानाच्या रक्तात ऑक्सिजन आधीच तुटपुंजा असतो. डोकेदुखी, मळमळ, सुस्ती ही त्याची लक्षणं उंचीच्या आजाराचीही लक्षणं आहेत, म्हणून विषबाधा ओळखूच येत नाही. नुसतं नळकांडं असून भागत नाही, हे अंटार्क्टिकावर १९३४ साली दिसलं होतं. रिचर्ड बर्ड हा अमेरिकी नौदल अधिकारी बर्फात पुरलेल्या झोपडीत एकटा राहिला. शेगडीचं सदोष नळकांडं आणि रेडिओच्या जनित्राचा धूर यांनी तो मरणाच्या दारी पोचला.

दुसरा आक्षेप गिर्यारोहकांचा आहे. ते तंबू तापवतच नाहीत. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत स्टोव्ह होते ते बर्फ वितळवायला आणि चहा करायला. चांगली झोपायची पिशवी असेल तर शेगडीचा धोका पत्करायचा कशाला? चार-आठ रात्रींसाठी हे अगदी खरं आहे, आणि हौशी भटक्यांनी ते जरूर ऐकावं. पण महिनोन्‌महिने राहणाऱ्याचे मोजे ओले होतात, ते वाळले नाहीत तर बोटं जातात. १९५०च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कोरियातल्या चोसिन जलाशयाच्या डोंगरात उणे ३० अंशांच्या आसपास अमेरिकी मरीन लढत होते. तिथे तेलाच्या शेगडीचे ऊब-तंबू उभारून सैनिकांना पाळीपाळीनं आत घेतलं जाई. रक्तद्रव गोठत होता, तो देण्याजोगा ठेवायलाही ऊब लागे. आरोग्यसैनिक मॉर्फिनच्या नळ्या तोंडात धरून वितळवत. झोपायच्या पिशवीनं यातलं काय साधलं असतं?

उरतो तो मार्ग ज्वाळाच नको म्हणण्याचा. २०२१च्या फेब्रुवारीत लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांनी सौरऊर्जेवर तापणारा सैनिकी तंबू दाखवला: सुमारे दहा जवानांसाठी, एकेक भाग ३० किलोंच्या आत, आणि रात्री दहाला बाहेर उणे १४ अंश असताना आत १५. धूर नाही आणि जळण वाहायचं नाही, म्हणजे दोन्ही जुने प्रश्न एकदम सुटतात. लडाखला ऊन भरपूर, तेव्हा कल्पना तिथल्या मातीतली आहे. पण उष्णता साठवायला दिवसाचं ऊन लागतं, आणि उंच चौक्यांवर वादळ कित्येक दिवस सूर्य दिसू देत नाही. त्यातून पिण्याचं पाणी म्हणजे तिथे वितळवलेलं बर्फच, आणि त्याला ज्वाळा लागतेच. त्यामुळे ऊन असेल तिथे सौर तंबू आणि त्याच्या शेजारी रॉकेलचा डबा, अशीच जोडी अजून बराच काळ राहणार. फक्त डब्यांची संख्या कमी करता येईल, आणि वर जाणाऱ्या हेलिकॉप्टरच्या फेऱ्याही.