फळापाशी थांबलेले प्राध्यापक

जर्मन शिकतोय असं सांगितलं, की पुण्यात दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "तिकडे जाणार वाटतं?" आणि दुसरा, "संस्कृतच्या अगदी जवळची ना हो ती भाषा?" हा दुसरा प्रश्न विचारणाऱ्याला जर्मन येत नसतं आणि त्याचं संस्कृत 'शुभंकरोति'च्या पुढे सरकलेलं नसतं. पण चेहरा असा, की जर्मनांनी आपल्याच माळ्यावरची भांडी नेऊन, घासूनपुसून स्वतःच्या फडताळात मांडली आहेत!

जवळ आहे हे खरंच. पण मराठी माणसाला जर्मन सोपी जाते ती वेगळ्या कारणानं. एक म्हणजे तीन लिंगं. हिंदीभाषक बिचारा दोन लिंगांवर वाढलेला, तो तिसऱ्याला बिचकतो. आपण पाळण्यापासून 'तो, ती, ते' करत आलेलो असतो. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी असते हे ऐकून इंग्रजी वाचलेली मंडळी हसतात. मराठी माणसानं हसू नये. 'पोर', 'कार्टं', 'लेकरू' ही आपल्याकडे कोण आहेत? शब्दाला लाडाची शेपटी लावून त्याला लहान केलं की तो नपुंसक, एवढाच तिथला हिशेब. दुसरी गोष्ट क्रियापदाची. 'कारण'नं सुरू होणाऱ्या पोटवाक्यात जर्मन माणूस क्रियापद पार शेवटी टाकतो. वाक्य संपेपर्यंत त्यानं मारलं की मार खाल्ला, हे कळत नाही. अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन यानं १८८० साली या भाषेच्या नावानं एक अख्खा निबंध भरून बोटं मोडली. आपण मात्र जन्मभर क्रियापदाची वाट पाहतच ऐकत असतो.

तेव्हा व्याकरणाचं मला फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आपण जर्मन भाषेचे वर्ग भरवतो, परीक्षा घेतो, पदव्या देतो. पण खुद्द जर्मनांच्या विद्यापीठात जर्मनला आत घ्यायलाच काही शतकं लागली. हायडेलबर्गचं विद्यापीठ १३८६ चं, लायप्त्सिगचं १४०९ चं. तिथं चालायचं ते लॅटिन. जर्मन ही बाजारात बोलायची, बायकोशी भांडायची आणि घोड्याला हाकायची भाषा.

१६८७ साली लायप्त्सिगला ख्रिस्तियान टोमासिउस नावाचा बत्तीस वर्षांचा कायद्याचा अध्यापक होता. त्यानं व्याख्यानाची सूचना विद्यापीठाच्या काळ्या फळ्यावर लावली, आणि ती चक्क जर्मनमध्ये! हाहाकार झाला. विद्यापीठ स्थापन झाल्यापासून असला अनाचार झाला नव्हता. मिरवणुकीनं येऊन त्या फळ्यावर तीर्थ शिंपडतात की काय, अशी धास्ती वाटली होती, असं टोमासिउसनंच पुढं लिहून ठेवलंय. आपल्याकडे गोमूत्र आणलं असतं, एवढाच फरक. आणि या क्रांतिकारक व्याख्यानाचा विषय काय? तर रोजच्या वागण्याबोलण्यात फ्रेंचांचं अनुकरण कसं करावं! स्वभाषेचा पहिला झेंडा लावला तोही परक्याच्या काठीला.

लायप्त्सिगनं अखेर त्याचं तोंड बंद केलं. तो १६९० मध्ये हालेला गेला आणि तिथलं विद्यापीठ उभारायला त्यानं हातभार लावला. पुढं चेटकिणींवरच्या खटल्यांविरुद्धही त्यानं लेखणी उचलली. फळा बाटवणारे लोक बहुधा तेवढ्यावर थांबत नाहीत.

पण एका फळ्यानं काय होतंय? शंभर वर्षांनी, १७८० मध्ये, प्रशियाचा राजा फ्रेडरिक यानं जर्मन साहित्य किती भिकार आहे यावर एक पुस्तिका लिहिली. फ्रेंचमध्ये. गटेचं एक नाटक वाचून त्याला शेक्सपिअरची वाईट नक्कल वाटली होती. आपली भाषा वाईट आहे हे परक्या भाषेत सांगण्याची ही रीत आपल्याला नवखी नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, आणि त्यात मराठीला नीट बसायला पाट मिळावा म्हणून न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाला वर्षानुवर्षं झगडावं लागलं. तेव्हा जर्मनांना हसायचं तर थोडं हळू.

जर्मनला खुर्ची मिळाली ती नेपोलियनच्या कृपेनं म्हणायला हवी. त्यानं प्रशियाला असं तुडवलं, की लोकांना आपण कोण, ही आठवण व्हायला लागली. माणूस घर गेल्यावर घराण्याची कागदपत्रं शोधतो तसंच हे. १८१० मध्ये बर्लिनचं नवं विद्यापीठ सुरू झालं आणि फॉन देर हागन या गृहस्थांना तिथं जर्मन भाषा-साहित्याचे प्राध्यापक नेमलं. शिकवायचं काय, तर जुनी वीरकाव्यं. म्हणजे या विषयाच्या जन्मपत्रिकेतच स्वाभिमान उच्चीचा पडलेला. तो पुढं कुठल्या घरात जाणार, हे तेव्हा कुणाला दिसलं नव्हतं.

आणि मग आले ग्रिम बंधू. आपल्याला ते 'हिमगौरी'चे काका म्हणून ठाऊक. पण गोष्टी हा त्यांचा जोडधंदा. थोरला याकोब जन्मभर ब्रह्मचारी. धाकट्या विल्हेल्मचं लग्न झालं तरी तो त्याच्याच बिऱ्हाडात राहिला. दोघांची टेबलं, पुस्तकं, पगार, सगळं शेजारी शेजारी. याकोबनं ध्वनिबदलाचा नियम मांडला. आपला 'पितृ' तिकडे गेल्यावर 'फाटर' होतो आणि 'दन्ता'चा 'त्सान' होतो तो त्याच हिशेबानं. ("जवळची ना हो?" विचारणाऱ्यांना मी हेच दोन शब्द सांगून वाटेला लावतो.) १८३० मध्ये तो ग्योटिंगनला प्राध्यापक झाला. पहिलं व्याख्यान दिलं ते मायभूमीच्या ओढीवर, लॅटिनमध्ये! रिवाजच तसा होता. जर्मनचा सर्वांत मोठा पंडित, विषय मायभूमीचा, आणि भाषा सिसेरोची.

१८३७ साली हानोव्हरच्या नव्या राजानं चार वर्षांपूर्वीची राज्यघटना रद्द केली. सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला. त्यांत दोघे ग्रिम होते. सातही जण बडतर्फ झाले आणि याकोबसह तिघांना तीन दिवसांत राज्य सोडायला सांगितलं. शपथ एका घटनेची घेतली, ती राजाच्या लहरीनं सुटत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. धातूंची रूपं चालवणारा माणूस अशा वेळी सहसा आजारी पडतो. हे पडले नाहीत.

बेकार पंडितांना प्रकाशक बरोबर हेरतात. लायप्त्सिगच्या प्रकाशकांनी १८३८ मध्ये सुचवलं, की जर्मन भाषेचा मोठा कोश करा. सहा-सात खंड होतील, असा अंदाज. पहिला खंड १८५४ मध्ये निघाला. तो 'अ'पासून 'बीरमोल्क'पर्यंत, म्हणजे बिअर घातलेल्या नासक्या दुधाच्या पाण्यापर्यंत पोचला होता. विल्हेल्म 'डी' अक्षर पुरं करून १८५९ मध्ये गेला. याकोबनं ए, बी, सी, ई संपवली, एफ घेतलं आणि १८६३ मध्ये 'फ्रुख्ट' या शब्दावर हात थांबला. फ्रुख्ट म्हणजे फळ. आयुष्यभर राबून फळापाशी येऊन थांबले!

कामाच्या संथपणाबद्दल इकडे बोलायची सोय नाही. पुण्यात भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली, ती १९६६ मध्ये पुरी झाली. तिची घडी बसवणारे विष्णु सीताराम सुखटणकर बर्लिनला शिकलेले. एकेक पोथी पोथीशी ताडून मूळ पाठ शोधायचं ते कडक शास्त्र जर्मन पंडितांनी ग्रीक-लॅटिनवर आणि आपल्या वीरकाव्यांवर घासून तयार केलं होतं. सत्तेचाळीस वर्षं आपल्याला लांब वाटतात. जर्मन कोशाचा आकडा कळला की नाही वाटणार.

तो सांगण्याआधी मधला भाग सांगायला हवा, आणि तो गमतीचा नाही.

१८४६ मध्ये फ्रांकफुर्टला भरलेल्या संमेलनात याकोबनं राष्ट्राची सोपी व्याख्या केली होती: एकच भाषा बोलणारी माणसं म्हणजे एक लोक. ऐकायला किती गोड! आपणही १९६० साली याच न्यायानं पेढे वाटले. पण या व्याख्येत कोण बसतं याची यादी करायला कुणी बसलं, की गोडी आटते. तीच भाषा बोलणारा शेजारी एक दिवस यादीबाहेर जातो.

१० मे १९३३ च्या रात्री जर्मनीतल्या विद्यापीठांच्या गावी विद्यार्थ्यांनी पुस्तकं जाळली. जमाव गुंडांचा नव्हता. फी भरून शिकणारी मुलं होती ती. बॉनला भाषण केलं हान्स नाऊमान यांनी, ग्योटिंगनला गेरहार्ड फ्रिक यांनी. दोघंही जर्मन साहित्याचे अध्यापक. हे तेच ग्योटिंगन, सात जणांचं.

बर्लिनच्या ऑपेरासमोरच्या चौकात त्या रात्री जर्मन साहित्याचे दोन डॉक्टर हजर होते. एक बोलत होते, डॉ. योझेफ ग्योबेल्स. रोमँटिक काळातल्या एका नाटककारावर १९२१ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी प्रबंध लिहिला होता, आणि मार्गदर्शक होते फॉन वाल्डबर्ग, ज्यू वंशाचे. दुसरे गर्दीत उभे राहून ऐकत होते, डॉ. एरिष केस्टनर. मुलांसाठी 'एमिल' लिहिणारे. त्यांचा १९२५ चा लायप्त्सिगचा प्रबंध त्याच फ्रेडरिक राजाच्या त्या फ्रेंच पुस्तिकेवर उठलेल्या वादाबद्दलचा. केस्टनरचं नाव मोठ्यानं पुकारलं गेलं आणि त्यांची पुस्तकं आगीत पडली. गर्दीतल्या एका बाईनं ओळखून "अरे, तो बघा केस्टनर!" म्हटलं, तेव्हा ते तिथून सटकले. विषय एक, पदवी एक. मला हा चौक विसरता येत नाही. भाषेवर प्रेम करणारी माणसं निरुपद्रवी असतात, असा जगाचा समज आहे. आमच्या वर्गातही तसाच होता. गटे, शिलर, डोक्यावर सफरचंद ठेवून नेम धरणारा विल्हेल्म टेल, सगळं कसं शुचिर्भूत.

युद्ध संपल्यावर या प्राध्यापकांतले कित्येक पुन्हा वर्गावर गेले आणि पुन्हा कवितेचा रसास्वाद सुरू झाला. फक्त कविता बघायची, तिच्या मागंपुढं बघायचं नाही, हे त्या काळात सोयीचंच होतं. १९६६ मध्ये म्युनिकच्या परिषदेत लेमर्ट, कॉनराडी यांच्यासारख्या तरुण अध्यापकांनी उभं राहून विचारलं, की आपल्या विषयानं तेव्हा काय काय केलं? आपल्याच गुरुजींना भर सभेत असं विचारायला काय लागतं, हे आपल्याकडे गुरुपौर्णिमा साजरी करणाऱ्यांना सांगायला नको.

दरम्यान कोश चालूच होता. बिस्मार्क आला, गेला, कैसर गेला, दोन महायुद्धं झाली, देशाचे दोन तुकडे झाले. पूर्व बर्लिनमधली मंडळी आणि पश्चिमेच्या ग्योटिंगनची मंडळी मिळून शब्द वाटून घेत राहिली. १९६१ च्या सुरुवातीला बत्तिसावा खंड संपला. शेवटचा शब्द होता सायप्रसच्या झाडाची फांदी, त्सुप्रेसनत्स्वाइग. एकशे तेवीस वर्षं! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनच्या मधोमध भिंत आली. आणखी थोडे रेंगाळले असते, तर शब्दांची चिठ्ठी पलीकडे कशी धाडायची याचाही कोश करावा लागला असता.

आता तरी सुस्कारा सोडावा की नाही? नाही. ग्रिम बंधूंनी स्वतः केलेला भाग शंभर वर्षांत जुना झाला होता, तो नव्यानं करायचं आधीच ठरलं होतं. पुन्हा 'ए'पासून बसले. बर्लिन आणि ग्योटिंगन पुन्हा वाटणी. भिंत पडली, देश एक झाला, कार्डांच्या जागी संगणक आले. २०१६ मध्ये हे नवं काम पूर्ण झालं. ते 'एफ'पर्यंतच करायचं होतं.